तीन लाख शिळा आणि हरवलेली वही

आज माघ वद्य चतुर्दशी. चार यामांची पूजा, बिल्वार्चन आणि जागर यांत घरोघरीचे शिवभक्त आजची रात्र जागवतील. या पर्वकाळी वाचकांस एका दूरदेशीच्या शिवालयाची कथा निवेदन करावी असे मनात आले. कथा पुराणांतरीची नव्हे. पाषाणांची, आणि त्यांच्या हरवलेल्या हिशेबाची आहे.

कंबोडिया म्हणजे शिलालेखांतील कंबुजदेश. तेथील अंगकोर नगरीत उदयादित्यवर्मा दुसरा या नृपतीने ११ व्या शतकाच्या मध्यास बाफुओन या नावाने आज ओळखले जाणारे शिवमंदिर उभारले. पर्वताप्रमाणे टप्प्याटप्प्याने चढत गेलेले हे देवालय पाहून १२९६ साली तेथे आलेला चिनी दूत जो दागुआन थक्क झाला होता. पण या पर्वताच्या पोटात भरलेली होती वाळू! शतकानुशतके पावसाचे पाणी मुरे, जड झालेली वाळू भिंतींना बाहेर रेटी, आणि अखेर १९४३ मध्ये मंदिराचा एक भाग ढासळला.

१९६० पासून फ्रेंच संशोधकांनी एक धाडसी उपाय आरंभिला. मंदिर दगड-दगड करून उतरवावे, आत काँक्रीटचा भक्कम आधार द्यावा आणि प्रत्येक शिळा पुन्हा स्वस्थानी बसवावी. सुमारे ३ लाख शिळा भोवतालच्या अरण्यात मांडून ठेविल्या गेल्या. या बांधणीत चुना नाही. शिळेवर शिळा घासून नेमकी बसविलेली, म्हणून प्रत्येकीला जगात जागा एकच. ती कोणती, हे सांगणारी नोंदवही होती. पुढे यादवी युद्धाने काम थांबले, १९७५ मध्ये ख्मेर रूज राजवट आली, आणि त्या धुमाकुळात नोंदी नष्ट झाल्या. शिळा तेथेच होत्या. कोण कोणाच्या शेजारची, हे सांगणारे काही उरले नाही.

१९९५ मध्ये पास्काल रोयेर या स्थपतीच्या नेतृत्वाखाली काम पुन्हा सुरू झाले. पॅरिसमध्ये वाचलेली जुनी छायाचित्रे समोर ठेवून, शिळांच्या कडा आणि कोरीव रेषा ताडून पाहत, २०११ पर्यंत म्हणजे तब्बल १६ वर्षे ही जुळणी चालली. एका वहीच्या अभावी केवढे तप!

आज तशी वही प्रकाश लिहितो. लेसर किरणांचे यंत्र मंदिरासमोर ठेवितात. किरण पाषाणावर आदळून परततो. त्याला लागलेल्या कालावरून अंतर निघते. असे कोट्यवधी बिंदू एकत्र आले की संगणकात मंदिराची प्रतिकृती उभी राहते. कोठे भिंत कलली, कोठे भेग रुंदावली, हे मिलिमीटरच्या मापात कळते. एवढे मोठे यंत्र नसले तरी साध्या कॅमेऱ्याने चहूबाजूंनी, एकमेकांवर येतील अशी छायाचित्रे घेऊन त्यांतूनही आकार सिद्ध करता येतो. आणि ही वही एका जागी ठेवण्याचे कारण नाही. तिच्या प्रती देशोदेशी ठेवाव्यात.

संस्कृताच्या अभ्यासकास विशेष आनंद देणारी एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. याच उदयादित्यवर्म्याच्या काळातील, शके ९७४ चा, स्दोक काक थोम येथील संस्कृत व ख्मेर भाषांतील शिलालेख महेंद्रपर्वत नावाच्या राजधानीचा उल्लेख करितो. जयवर्मा दुसरा याच्यासाठी हिरण्यदाम नामक ब्राह्मणाने तेथे विधी केला, असे तो सांगतो. कुलेन डोंगरावरच हे स्थान, असे विद्वान म्हणत. पण वर निबिड अरण्य. एप्रिल २०१२ मध्ये हेलिकॉप्टरमधून लेसर किरण सोडून अंगकोर, कुलेन आदी परिसरांतील मिळून सुमारे ३७० चौरस किलोमीटर भूमी मोजली गेली. पानांच्या फटींतून जे किरण मातीपर्यंत पोचले, तेवढेच निवडून वृक्ष बाजूला सारले, तो खाली सरळ रस्ते, बांध आणि नगराची आखणी स्पष्ट दिसली. लेखाची साक्ष भूमीने दिली.

परवा कीर्तनानंतर एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "बुवा, देवळावर असले किरण टाकणे शास्त्रास धरून आहे काय?" मी म्हटले, समईचाही प्रकाशच पडतो, यंत्र शिळेला हात लावीत नाही, आणि गाभारा वगळावयाचा तर वगळता येतो. मला भय आहे ते निराळेच. संगणकातले चित्र हाती आले की खरा दगड पडला तरी चालेल असे वाटू लागते. तसे झाले तर ती वही न झालेली बरी.

आमच्या गावच्या शिवालयाचा सभामंडप काही वर्षांपूर्वी जीर्णोद्धारासाठी उतरविला. दगडांवर खडूने आकडे घातले होते. पहिल्याच वळवाच्या सरीत ते धुऊन गेले. नवा मंडप उभा राहिला, तो सिमेंटचा. आता शिखराला गळती लागली आहे आणि ते उतरविण्याच्या गोष्टी चालू आहेत. आधी मोजणी करून घ्या, मग पहार लावा, अशी विनंती मी विश्वस्तांस केली आहे. निर्णय व्हावयाचा आहे. जुन्या मंडपाच्या छतातील कमळाची शिळा नदीच्या घाटावर आहे. तिच्यावर धुणे आपटतात. पहाटे स्नानास जाताना मी तिला वळसा घालून जातो.