मावळातल्या तरुणांना जुन्या देमारपटांचे गारूड

संगणकाच्या साह्याने पडद्यावर वाटेल ते घडवून दाखवता येते, अशा काळात आजोबांच्या पिढीने शिट्ट्या वाजवून पाहिलेले देमारपट नातवंडांना पुन्हा खुणावू लागले आहेत. अमिताभ बच्चन यांच्या ८० व्या वाढदिवसानिमित्त ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांचे ११ जुने चित्रपट देशातील १७ शहरांत पुन्हा मोठ्या पडद्यावर दाखवण्यात आले. १९७५ चा 'शोले' मूळ शेवटासह नव्याने सिद्ध करण्यात आला आणि जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्याच्या महोत्सवात दाखवला गेला. हातातल्या मोबाइलवर तर जुन्या हाणामाऱ्यांच्या चित्रफिती रोज फिरत असतात. हे सारे केवळ गतकाळाच्या हळवेपणातून घडते, असे म्हणता येणार नाही. ज्याने तो काळ पाहिलाच नाही, त्याला त्याची हुरहुर कशी लागणार? त्यामागे दुसरे काही कारण असले पाहिजे.

भोर आणि वेल्हे या पुणे जिल्ह्यातील डोंगरी तालुक्यांत या ओढीला आणखी एक पदर आहे. ज्या कथांवर मराठी देमारपट उभा राहिला, त्यांतील अनेक माणसे याच खोऱ्यांतली. राजगड आणि तोरणा वेल्हे तालुक्यात, तर रोहिडा आणि रायरेश्वर भोर तालुक्यात. बाजीप्रभू देशपांडे यांचे शिंद आणि कान्होजी जेधे यांचे कारी ही दोन्ही गावे भोर तालुक्यातली. भाटघर धरणाच्या जलाशयाला येसाजी कंक यांचे नाव आहे. वेल्हे तालुक्याला 'राजगड' हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, तरी बोलण्यात अजून 'वेल्हे' टिकून आहे. पडद्यावर मावळा कडा चढू लागला, की इथल्या तरुणाला तो परक्या मुलखातला वाटत नाही. त्याच्या पायांना तो कडा ठाऊक असतो.

एकच लढाई, चार चित्रपट

देमारपट शंभर वर्षांत कसा बदलत गेला, हे समजून घ्यायला सिंहगडाच्या लढाईइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. तानाजी मालुसरे यांनी ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री लढलेली ही लढाई पडद्यावर पुन्हा पुन्हा आली.

कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटर यांनी १९२३ मध्ये 'सिंहगड' हा मूकपट केला. त्याला आधार होता हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीचा. तोवर आपल्याकडे चित्रीकरण सूर्यप्रकाशावर चाले. लढाई मात्र रात्रीची. पेंटर यांनी कृत्रिम दिव्यांच्या उजेडात ती चित्रित केली. भारतीय चित्रपटातील असा हा पहिला प्रयोग मानला जातो. त्याच चित्रपटात शेलारमामाच्या भूमिकेत होते तरुण व्ही. शांताराम. दहा वर्षांनी, १९३३ मध्ये, शांताराम यांनीच 'प्रभात'साठी 'सिंहगड' बोलपटाच्या रूपात पुन्हा आणला.

त्यानंतर २०२० मध्ये ओम राऊत यांचा हिंदी 'तान्हाजी' आला. त्यात कडे, दऱ्या आणि तटबंदीचा मोठा भाग संगणकावर रचलेला होता. नायक अजय देवगण हे वीरू देवगण या जुन्या साहसदृश्य-दिग्दर्शकाचे चिरंजीव, हा योगायोगही लक्षात ठेवण्याजोगा. २०२३ मध्ये दिग्पाल लांजेकर यांनी 'सुभेदार'मधून हीच कथा मराठीत सांगितली. कथा एकच, गड एकच. बदलत गेले ते तंत्र.

या परंपरेत केवळ हाणामारी नव्हती. शांताराम यांनी १९३० मध्ये शिवछत्रपतींवर केलेल्या 'उदयकाल' या मूकपटाचे मूळ नाव 'स्वराज्याचे तोरण' असे होते. ब्रिटिश सेन्सॉरला त्या नावातील 'स्वराज्य' खुपले आणि नाव बदलावे लागले. स्वराज्याचे तोरण बांधले गेले ते तोरण्यावर, असे पिढ्यान् पिढ्या सांगत आलेल्या वेल्ह्याच्या माणसाला त्या एका शब्दाचे मोल वेगळे सांगायला नको.

खरा देह, खरी धाप

तरुण प्रेक्षकाला जुन्या देमारपटात नेमके काय आवडते? पहिले उत्तर आहे, माणसाचा पूर्ण देह. जुन्या चित्रपटात कॅमेरा दूर उभा असे आणि दृश्य बराच वेळ न तोडता चाले. उडी कुठून मारली, पाय कुठे टेकला, तोल कसा सावरला, हे सारे प्रेक्षकाला दिसे. आजच्या अनेक चित्रपटांत एका ठोशासाठी तीन-चार वेळा दृश्य कापले जाते. आवाज मोठा होतो, पण कोणी कोणाला कसे मारले ते कळत नाही. मोबाइलवर स्वतःच चित्रफिती जोडणाऱ्या पिढीला ही कापाकापी ओळखू येते. साहजिकच, जिथे ती नाही तिथे या पिढीची नजर खिळते.

मूकपटांच्या काळात ज्यांना 'भारताचे डग्लस फेअरबँक्स' म्हटले गेले, ते मास्टर विठ्ठल महाराष्ट्र फिल्म कंपनीतूनच पुढे आले. तलवारबाजी आणि चपळाई या भांडवलावर ते त्या काळचे आघाडीचे नायक झाले आणि १९३१ च्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाचे नायकपदही त्यांना मिळाले. पुढे भालजी पेंढारकर यांच्या 'नेताजी पालकर' (१९३९) आणि 'बहिर्जी नाईक' (१९४३) या चित्रपटांतून ते मराठी प्रेक्षकांसमोर आले. भालजींच्याच १९५२ च्या 'छत्रपती शिवाजी'मध्ये चंद्रकांत मांढरे यांनी साकारलेली महाराजांची भूमिका जुन्या पिढीच्या मनात घर करून राहिली.

देमारपट ही केवळ पुरुषांची मक्तेदारी होती, हा समजही तरुण प्रेक्षकाने मोडून काढावा. वाडिया मूव्हिटोनच्या 'हंटरवाली'ने (१९३५) 'फिअरलेस नादिया' हे नाव घराघरांत पोहोचवले. ऑस्ट्रेलियात जन्मलेली ही अभिनेत्री घोडेस्वारी, चाबूक आणि धावत्या गाडीवरील मारामारी स्वतः करीत असे. 'शोले'मधील टांग्याच्या पाठलागात हेमा मालिनी यांच्या जागी जोखीम पत्करणाऱ्या रेश्मा पठाण यांचे नाव मात्र सर्वसामान्य प्रेक्षकाला कळायला कित्येक दशके जावी लागली.

दुसरे उत्तर या मुलखातच दडलेले आहे. सुमारे १,४०० मीटर उंचीचा तोरणा किंवा राजगडाचा बालेकिल्ला ज्याने भर उन्हात चढलेला आहे, त्याला चढणाऱ्याची धाप खरी की खोटी हे सांगावे लागत नाही. घाम, निसटणारा दगड, हाताची पकड या गोष्टी त्याने अनुभवलेल्या असतात. कडा सहज उडून ओलांडणारा नायक त्याला क्षणभर थक्क करतो. धडपडत चढणारा नायक त्याला आपला वाटतो.

जुनी हातचलाखी

याचा अर्थ जुना चित्रपट फसवत नसे, असा मात्र नव्हे. मूकपटांचा कॅमेरा हाताने हँडल फिरवून चाले. चित्रीकरण करताना हँडल सावकाश फिरवले, की पडद्यावर घोडा अधिक वेगाने दौडे आणि तलवारीचे वार विजेसारखे दिसत. उंचावरून मारलेली उडी आणि जमिनीवरचे पडणे वेगवेगळे चित्रित करून जोडले जाई. नायकाच्या जागी बदली माणूस असे. दारासिंग यांच्या 'किंग काँग'चे (१९६२) दिग्दर्शक बाबूभाई मिस्त्री तर कॅमेऱ्याच्या करामतींसाठीच प्रसिद्ध होते.

फरक आहे तो प्रमाणाचा. त्या हातचलाखीच्या मुळाशी कोणीतरी खरोखर धावलेले, पडलेले, घोड्यावर बसलेले असे. आज तेवढेही लागत नाही.

जोखमीची किंमत

या खरेपणाचे गोडवे गाताना त्याची किंमत विसरता येणार नाही. 'सिंहगड'च्या चित्रीकरणात बाबूराव पेंटर घोड्यावरून पडले आणि त्या दुखापतीचा परिणाम त्यांच्या बोलण्यावर कायमचा राहिला, अशी नोंद चित्रपट-इतिहासात आढळते. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात मास्टर भगवान यांच्याकडून जोराची थप्पड बसल्याने ललिता पवार यांचा डावा डोळा अधू झाला आणि नायिका म्हणून त्यांची वाटचाल खुंटली. पुढे हेच भगवान 'अलबेला'चे भगवानदादा झाले. त्याआधीची त्यांची ओळख कामगारवस्तीत चालणाऱ्या स्वस्त स्टंटपटांची होती. जुलै १९८२ मध्ये 'कुली'च्या मारामारीत अमिताभ बच्चन जिवावरच्या दुखण्यातून वाचले, ते साऱ्या देशाने पाहिले. पडद्यावर ज्यांचे नावही येत नसे, अशा साहसवीरांच्या दुखापतींची मोजदाद कोणी ठेवली नाही.

म्हणूनच तारांचे आधार, गाद्या, संगणकीय दृश्ये यांना सरसकट नावे ठेवणे योग्य ठरत नाही. आजचा कलावंत संध्याकाळी धडधाकट घरी जातो, हीही प्रगतीच आहे. गडावर चित्रफितीसाठी कड्याच्या टोकाशी उभे राहणाऱ्या तरुणांनी तर हे विशेष ध्यानात घ्यावे. पडद्यावरचा मावळा पडला तर दृश्य पुन्हा घेता येते.

पडदा वेगळा, कागद वेगळा

दुसरा धोका इतिहासाचा. चित्रपटातले दृश्य जितके ठसठशीत, तितके ते खरे वाटू लागते. सिंहगडाचेच पाहा. तानाजींच्या बलिदानानंतर 'गड आला पण सिंह गेला' असे उद्गार निघाले आणि कोंढाण्याचा सिंहगड झाला, हे कादंबरी आणि चित्रपटांनी मनामनांत रुजवले. प्रत्यक्षात 'सिंहगड' हे नाव १६७० पूर्वीच्या पत्रातही आढळते, हे इतिहास-अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. तानाजींचे शौर्य त्यामुळे तसूभरही उणे होत नाही. पण कथा आणि कागद यांतील अंतर कळते.

भोर परिसराला या अंतराची झळ अलीकडेच पोहोचली. १३ जुलै १६६० च्या खिंडीतील लढाईवर भालजींनी १९५० च्या दशकात चित्रपट केला होता. २०२२ मध्ये 'पावनखिंड' आला आणि त्याच वर्षी 'हर हर महादेव'ही. या दुसऱ्या चित्रपटातील जेधे-बांदल संबंधांच्या चित्रणाला त्या घराण्यांच्या वंशजांनी जाहीर आक्षेप घेतला. कारीचे जेधे आणि हिरडस मावळचे बांदल ही इथल्या लोकांसाठी पुस्तकातली नावे नाहीत. ती शेजारच्या वाड्यांची आणि सोयऱ्यांची नावे आहेत. अशा ठिकाणी दिग्दर्शकाने घेतलेले स्वातंत्र्य थेट घरात येऊन पोहोचते. जुना चित्रपट असो वा नवा, त्याकडे शौर्याचा पोवाडा म्हणून पाहावे. पुरावा शोधायचा तर शकावली, पत्रे आणि अभ्यासकांचे ग्रंथ उघडावेत.

उरले किती?

तरुणांच्या या आवडीपुढे सर्वांत मोठी अडचण आहे ती वेगळीच. पाहायचे म्हटले तरी जुने चित्रपट उरलेत कुठे? भारतात सुमारे १,३०० मूकपट तयार झाले, असे मानले जाते. त्यांतले जेमतेम काही डझन, तेही बरेचसे अपुरे, आज हाती आहेत. १९२३ च्या 'सिंहगड'चे वर्णन वाचता येते, चित्रपट पाहता येत नाही. 'आलम आरा'चीही प्रत उपलब्ध नाही.

याची कारणे साधी आहेत. त्या काळची नायट्रेट फिल्म अतिशय ज्वालाग्राही होती आणि उष्ण, दमट हवेत ती कुजत असे. चित्रपट उतरला की त्याची किंमत संपली, असे निर्माते समजत. कित्येक प्रती त्यांतील चांदी काढण्यासाठी विकल्या गेल्या. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ मध्ये. पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून जे मिळेल ते गोळा केले, म्हणून एवढे तरी वाचले. त्यातही २००३ मध्ये पुण्यातील नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून मोठे नुकसान झाले. २०२२ पासून हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे.

जे वाचले त्यात पुण्याच्या अगरवाल फिल्म कंपनीचा 'दिलेर जिगर' (१९३१) आहे. उड्या, तलवारी आणि पाठलाग यांनी भरलेल्या या मूकपटात तरुणपणच्या ललिता पवार दिसतात. त्यांना केवळ खाष्ट सासू म्हणून ओळखणाऱ्यांनी तो आवर्जून पाहावा.

चित्रपटांबरोबर ते पाहण्याची रीतही चालली आहे. महाराष्ट्रातील जत्रा-यात्रांत तंबू ठोकून, ट्रकवर यंत्र बसवून चित्रपट दाखवणाऱ्या टुरिंग टॉकीजने खेड्यापाड्यांत देमारपट नेला. २०१६ मध्ये कान महोत्सवात गौरवल्या गेलेल्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटाने महाराष्ट्रातल्या याच तंबूंची अखेरची धडपड टिपली आहे. दूरचित्रवाणी आणि मोबाइलपुढे त्यांचा टिकाव लागणे अवघड झाले.

राजगडाचा जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला. दगडी वारशाचे मोल आता सर्वमान्य आहे. फिल्मवरच्या वारशाचे तितके नाही. जुन्या देमारपटांवर प्रेम करणाऱ्या तरुणांना येथे करण्याजोगे बरेच आहे. घरातल्या ट्रंकेत चित्रपटाची जाहिरात, गाण्यांची पुस्तिका किंवा यात्रेतल्या तंबूचे छायाचित्र पडून असेल, तर ते रद्दीत जाऊ न देता संग्रहालयाकडे सोपवता येईल. गावातल्या वृद्धांनी तंबूत काय पाहिले, तिकीट किती होते, कोणत्या प्रसंगी पिटातून पैसे उधळले जात, हे विचारून लिहून ठेवता येईल. ज्यांनी ते पाहिले, ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. फिल्म जळून गेली तरी आठवण काही काळ उरते. हा काळ आता फार उरलेला नाही.