'मस्ट नॉट', 'मे' आणि 'बट'च्या अलीकडे-पलीकडे

इंग्रजीत 'बट', 'ऑल्दो', 'व्हाइल' यांसारख्या शब्दांनी जोडलेली दोन उपवाक्ये परस्परविरोधी विधाने करतात तेव्हा अर्थाचा बराचसा भार दोन लहान शब्दांवर येऊन पडतो. त्यांतील एक असते मोडल क्रियापद, म्हणजे 'कॅन', 'मे', 'मस्ट', 'विल' यांसारखे, मुख्य क्रियापदापूर्वी येऊन शक्यता, परवानगी, सक्ती किंवा निश्चय दाखवणारे सहायक क्रियापद, आणि दुसरे असते सर्वनाम. मराठी माध्यमातून इंग्रजी शिकलेल्यांच्या मनात या दोहोंविषयी जे गैरसमज रुजलेले आढळतात, ते बहुतेक एकाच ठिकाणाहून आलेले असतात. मराठीत जे काम विभक्ती आणि क्रियापदाचे रूप करते, ते इंग्रजीत नकाराचे स्थान, उपवाक्यांची रचना आणि उच्चारातील आघात यांच्याकडे सोपवलेले असते.

'तो जाऊ शकतो, पण मला थांबावे लागेल' या मराठी वाक्यात क्रियापदाचा भाव बदलताच कर्त्याचे रूपही बदलते; 'शकतो'बरोबर 'तो' चालतो, 'लागेल'ला 'मला' हवा असतो आणि 'पाहिजे' आले की 'त्याने' म्हणावे लागते. त्यामुळे सक्तीच्या वाक्यात इंग्रजी सर्वनामही बदलत असावे असा समज सहज होतो, परंतु 'ही कॅन गो, बट आय मस्ट स्टे' या वाक्यात दोन्ही कर्ते प्रथमेतच राहतात. एकवचनी तृतीय पुरुषी कर्त्यामुळे मोडल क्रियापदाला 'एस' लागत नाही, यालाही अनेक जण एक लहरी अपवाद मानतात. वस्तुतः 'कॅन', 'मे' आणि 'शॅल' यांची वर्तमानकाळी रूपे प्राचीन जर्मॅनिक भाषांत मुळात भूतकाळी घडणीची होती व त्या घडणीत हा प्रत्यय नसे. 'विल' वेगळ्या मार्गाने आले, पण पुढे याच पंगतीत बसले.

पुरुषानुसार 'शॅल' आणि 'विल' बदलण्याचा जो नियम शालेय व्याकरणांतून पाठ करून घेतला जाई, त्याची मांडणी जॉन वॉलिस यांनी 1653 साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात आढळते. या नियमानुसार 'आय शॅल गो, बट ही विल स्टे' या वाक्यातील दोन्ही क्रियापदे निव्वळ भविष्यकाळच सांगतात, म्हणजे येथे विरोध जाणे आणि थांबणे यांत आहे, 'शॅल' आणि 'विल' यांत नाही. प्रत्यक्ष बोलीने हा नियम कधीच काटेकोरपणे पाळला नाही, आणि आज 'शॅल' मुख्यतः कायद्याच्या भाषेत व 'शॅल आय'सारख्या प्रश्नांत उरला आहे.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज मात्र 'मस्ट'च्या नकाराचा आहे. 'मस्ट' म्हणजे सक्ती, म्हणून 'मस्ट नॉट' म्हणजे सक्तीचा अभाव, हे गणित वरवर बिनचूक दिसते, पण येथे 'नॉट' सक्तीला नाकारत नाही. तो क्रियेला नाकारतो आणि सक्ती तशीच शिल्लक राहते, म्हणून अर्थ 'न करण्याची सक्ती', अर्थात मनाई, असा होतो. 'यू मस्ट टेक धिस टॅब्लेट, बट शी मस्ट नॉट' याचा अर्थ तिने ती गोळी घेताच कामा नये असा आहे, तर 'बट शी नीड नॉट' म्हटले की तिला ती घेण्याची गरज नाही, घेतली तर घेतली. विरोधी उपवाक्यात मुख्य क्रियापदाची पुनरुक्ती टाळून मोडलपाशीच थांबण्याची इंग्रजीची रीत असल्यामुळे औषधासारख्या बाबतीतही सगळा फरक त्या दोन शब्दांत मावतो. मराठीत 'घेऊ नये' आणि 'घ्यायची गरज नाही' ही रूपे मुळातच इतकी वेगळी आहेत की असा घोटाळा संभवत नाही. 'कॅनॉट'मध्ये याउलट नकार मोडलवरच पडतो आणि शक्यता किंवा परवानगीच नाहीशी होते. 'मे नॉट' तर दोन्हीकडे झुकतो, कारण 'ही मे कम, बट शी मे नॉट' या वाक्यात तिला येण्याची परवानगी नाही की ती कदाचित येणार नाही, हे केवळ संदर्भावरून कळते.

'मे' आले की बोलणाऱ्याला खात्री नाही, असे मानण्याचा प्रघातही तपासून पाहण्याजोगा आहे. 'ही मे बी रिच, बट ही इज नॉट जेनरस' असे म्हणणाऱ्याला समोरच्याच्या श्रीमंतीविषयी तिळमात्र शंका नसते. प्रतिपक्षाचा मुद्दा आधी मान्य करून, मग त्याचे वजन कमी करण्यासाठी येथे 'मे' वापरलेला असतो, आणि म्हणूनच त्याच्या जागी 'कॅन' बसत नाही. 'असेल तो श्रीमंत, पण दानत नाही' या मराठी वाक्यातील 'असेल' हुबेहूब हेच काम करतो, तेव्हा 'मे'चे भाषांतर 'कदाचित' असे ठोकून देण्यापेक्षा हे घरचेच रूप लक्षात ठेवणे अधिक उपयोगी ठरते.

'कुड' हा 'कॅन'चा भूतकाळ आहे, हेही अर्धसत्य होय. एकदाच घडलेल्या यशासाठी 'द वॉल वॉज हाय, बट दे कुड क्लाइंब इट' हे वाक्य खटकते आणि तेथे 'वेअर एबल टू' किंवा 'मॅनेज्ड टू' लागते. अपयशासाठी मात्र 'कुड नॉट' निर्धोकपणे चालतो.

सर्वनाम नेहमी नामानंतरच यावे, हा समजही टिकत नाही. 'ऑल्दो ही वॉज टायर्ड, रमेश कुड नॉट स्टॉप' या वाक्यातील 'ही' रमेशच असू शकतो, कारण 'ऑल्दो'चे उपवाक्य गौण आहे. परंतु 'ही वॉज टायर्ड, बट रमेश कुड नॉट स्टॉप' यात 'बट' हे न्यूनत्वबोधक अव्यय दोन बरोबरीची वाक्ये जोडत असल्याने दमलेला मनुष्य रमेशखेरीज दुसराच कोणी ठरतो. 'जरी–तरी'च्या सवयीने 'ऑल्दो' आणि 'बट' एकाच वाक्यात घालणाऱ्यांच्या हातून नेमका हाच गौण-प्रधान भेद पुसला जातो.

आघाताचा प्रभाव याहून सूक्ष्म आहे. 'अनिल वोंट फर्गिव्ह सुनील, बट ही मस्ट फर्गिव्ह हिम' हे वाक्य 'मस्ट'वर जोर देऊन उच्चारले, तर क्षमा करण्याची जबाबदारी अनिलवरच राहते. 'ही' आणि 'हिम' यांवर जोर दिला की भूमिकांची अदलाबदल होते आणि सुनीलने अनिलला क्षमा करावी असा अर्थ निघतो. छापील मजकुरात हा जोर सहसा दिसत नाही, म्हणून अशा ठिकाणी इंग्रजीत काळजीपूर्वक लिहिणारे लोक सर्वनामाचा मोह सोडून सरळ नावेच पुन्हा लिहितात.