मोतीच्या रक्तातला पाहुणा

मागच्या उन्हाळ्यात आमच्या मोतीला थोडे चालले तरी धाप लागू लागली. पशुवैद्यांनी रक्त तपासले आणि निदान सांगितले: शागास. टेक्सासमध्ये येऊन आम्हाला वीस वर्षे झाली, पण हे नाव कधी कानावर आले नव्हते. सौ.चा पहिला प्रश्न, "मुलांना नाही ना होणार हो?" त्या प्रश्नापायी मी वाचायला बसलो.

१९०९ साली ब्राझीलमधल्या लासान्स या गावी, रेल्वेच्या कामावर हिवताप आवरायला गेलेल्या डॉ. कार्लोस शागास यांना हा परजीवी सापडला. गुरू ओस्वाल्डो क्रूझ यांच्या नावावरून त्यांनी त्याला 'क्रूझी' म्हटले. त्याचे वाहन म्हणजे रक्त पिणारा एक मोठा किडा, आपल्या ढेकणाचा पंख असलेला दूरचा भाऊच म्हणा ना! इथे त्याला 'किसिंग बग' म्हणतात. रोग पसरतो तो मात्र चाव्यातून नव्हे, तर विष्ठेतून. किडा चावतो तिथेच घाण करतो, आपण खाजवतो, आणि परजीवी आत शिरतो.

प्राण्यांची तऱ्हा निराळी. रॅकून, ओपोसम, कुत्री हे किडे चक्क खातात. (मोतीला ओसरीच्या दिव्याखाली किडे पकडताना पाहून आम्ही कौतुकाने हसायचो!) ओपोसमच्या तर गुदग्रंथींतही परजीवीचे ते रूप वाढते, जे एरवी किड्याच्या पोटात वाढते.

आणि हा परजीवी सगळीकडे एकच नाही. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या सहा वंशांची नावे ठरवली, टीसी-१ ते टीसी-६. वटवाघळांतला आणखी एक पुढे त्यांत जमा झाला. एरवी परजीवी नुसता दुभागून वाढतो, पण पाचवा आणि सहावा वंश हे दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या संकरातून जन्मले. आपल्या इकडे मुख्यतः पहिला आणि चौथा. मौज अशी की एकाच रानात राहून ओपोसममध्ये बहुधा पहिला सापडतो, तर रॅकूनमध्ये जवळजवळ नेहमी चौथा. कुत्र्यांत दोन्ही आढळतात. इथेच लागण झालेल्या माणसांत बहुतेक वेळा पहिलाच दिसला आहे.

मोतीला कोणाकडून मिळाला? सांगता येत नाही. त्याच्या तपासणीत प्रतिपिंडे दिसली, त्यांवरून वंश कळत नाही. हृदयाला इजा झाली आहे, एवढे मात्र खरे.

सौ.च्या प्रश्नाचे उत्तर: कुत्र्याने चाटल्याने हा रोग होत नाही. पण घरात किडे शिरले, तर मोतीचे रक्त पिऊन ते परजीवी घेऊ शकतात, आणि मग धोका आपल्यालाही. मुलांची तपासणी केली, ती निर्दोष निघाली. भिंतीलगतचा लाकडांचा ढीग हलवला, जाळ्या बदलल्या. मोती आता रात्री आत झोपतो.

परवा एक ओपोसम पाठीवर पिल्ले घेऊन कुंपणावरून चालली होती. सौ. बराच वेळ खिडकीतून पाहत राहिली, मग उठून तिने ओसरीचा दिवा मालवला.