घरगुती वीजतारांवरून उपकरण-नियंत्रण : एक्स-१० प्रणालीचे स्वरूप व मर्यादा

प्रस्तावना

बांधून झालेल्या घरातील दिवे व उपकरणे एकाच जागेवरून नियंत्रित करावयाची झाल्यास भिंती फोडून नव्या तारा टाकणे खर्चिक ठरते. भिंतीतील वीजतारांकडूनच संदेशवहनाचे काम करून घेणे हा त्यावरील एक उपाय होय. स्कॉटलंडमधील ग्लेनरोथेस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ मध्ये विकसित केलेली एक्स-१० ही या प्रकारची आद्य प्रणाली असून १९७८ मध्ये तिची साधने अमेरिकेत विक्रीस आली.

कार्यपद्धती

अमेरिकेत घरगुती विजेची वारंवारिता ६० हर्ट्झ असते. प्रत्येक आवर्तनात विजेचा दाब दोनदा शून्यावर येतो. प्रेषक व ग्राही या दोहोंना हा क्षण ओळखता येत असल्याने वेगळ्या घड्याळाची गरज राहत नाही. नेमक्या या क्षणी प्रेषक १२० किलोहर्ट्झचा, सुमारे १ मिलिसेकंदाचा स्पंद तारेवर सोडतो. एका शून्यबिंदूवर स्पंद व पुढच्यावर त्याचा अभाव म्हणजे ‘१’. उलट क्रम म्हणजे ‘०’. १६ गृहसंकेत व १६ उपकरणसंकेत यांच्या संयोगातून २५६ पत्ते मिळतात. आधी पत्ता व नंतर ‘चालू’ किंवा ‘बंद’ अशी आज्ञा, प्रत्येकी दोनदा पाठविली जाते. त्यास एकूण ४७ आवर्तने, म्हणजे सुमारे ०.८ सेकंद लागतात.

मर्यादा

अमेरिकन घरांत वीज सामान्यतः दोन शाखांतून येते. एका शाखेवरील संदेश दुसरीवर जाताना क्षीण होतो. त्यासाठी दोन्ही शाखांना जोडणारे साधन बसवावे लागते. संगणक व दूरचित्रवाणी संचांतील वीजपुरवठा-घटक कधी तारेवर व्यत्यय निर्माण करतात, तर कधी संदेशच शोषून घेतात. शेजारच्या घरी तोच गृहसंकेत असल्यास तेथील आज्ञेने येथील दिवा लागू शकतो.

याहून मूलगामी उणीव अशी की, बहुतेक एक्स-१० साधने उलट उत्तर देत नाहीत. दिवा न लागल्यास कळ पुन्हा दाबता येते. परंतु अंथरुणास खिळलेल्या व्यक्तीने दुसऱ्या खोलीतील विद्युत शेगडी बंद करण्याची आज्ञा दिली, तर ती पाळली गेली की नाही हे तिला कळत नाही.

निष्कर्ष

२००५ मध्ये आलेल्या इन्स्टिऑन प्रणालीत वीजतारेला रेडिओलहरींची जोड देण्यात आली व आज्ञा मिळाल्याची पोच देण्याची सोयही झाली. आज्ञा पाठविणे व ती पाळली गेल्याची खात्री होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा एक्स-१० च्या अनुभवाचा बोध होय. सोयीपुरत्या वापरास पहिली पुरेशी असते; सुरक्षिततेसाठी दुसरी अनिवार्य ठरते.