आपट्याच्या फलाटावर सुटलेला हात

पनवेलहून रोह्याकडे निघालेल्या गाडीत बसलं की वाटेत आपटा लागतं. स्थानक लहान, भोवती हिरवळ आणि डोंगर. हिंदी सिनेमातला बाप-लेकीचा बहुधा सर्वांत गाजलेला प्रसंग इथेच चित्रित झाला. पडद्यावर पंजाब, प्रत्यक्षात रायगड!

'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' २० ऑक्टोबर १९९५ला प्रदर्शित झाला आणि मुंबईच्या मराठा मंदिरात वर्षानुवर्षं चालला. सिनेमाच्या शेवटी गाडी सुटते, दारात नायक राज उभा असतो आणि सिमरनचं मनगट बापाच्या, म्हणजे अमरीश पुरींच्या, मुठीत असतं. मग मूठ सैल होते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात.

टाळ्या वाजवाव्यात, पण या बापाचा, बलदेव सिंगचा, आधीचा हिशेबही पाहावा. मुलगी लहान असतानाच त्याने मित्राला शब्द देऊन टाकलेला. तिला कोण आवडतं, हे त्याने एकदाही विचारलेलं नाही. आई दागिने हातात ठेवून पळून जा म्हणते; अडून बसतो तो राज. त्याला मुलीच्या बापाची संमती हवी असते. म्हणजे लेकीशी व्हायला हवं होतं ते बोलणं गाडी हलेपर्यंत राहूनच गेलं.

आपल्याकडेही स्थळ येतं, पत्रिका जुळते, कांदेपोहे होतात, देण्याघेण्याचा विषय निघतो. आणि मुलीचं मत? ते बऱ्याच घरांत सुपारी फुटल्यावर आठवतं.

याहून वेगळा बाप दीडशे वर्षांपूर्वीच होऊन गेला. अनंतशास्त्री डोंगरे यांनी थोरल्या मुलीचं लग्न लहानपणी लावलं, ते नीट झालं नाही. धाकटीच्या बाबतीत त्यांनी घाई केली नाही. लोकनिंदा सोसली, तिला संस्कृत शिकवलं. ती धाकटी म्हणजे पंडिता रमाबाई, जन्म १८५८. वडील १८७४मध्ये गेले. १८८०मध्ये रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने लग्न केलं. वर निवडायला वडील हयात नव्हते. निवडण्याची ताकद मात्र त्यांनीच दिलेली होती.

आज कायदा मुलीच्या बाजूने आहे. १९५४च्या विशेष विवाह कायद्यानुसार मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा हवा, विवाह अधिकाऱ्याकडे ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, लग्नाला तीन साक्षीदार लागतात. जातीची अट नाही. दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला कुटुंबाची किंवा जमातीची संमती आवश्यक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात स्पष्ट केलं.

तरीही बापाला करण्यासारखं पुष्कळ उरतं. मुलाला भेटावं, त्याची नोकरी, कर्ज, व्यसनं यांची चौकशी करावी, आढळलं ते लेकीला खरंखरं सांगावं. हुंडा मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. आणि स्थळाचा फोन आला, तर होकार-नकार कळवण्याआधी तिला विचारावं.