बिनचाकांची गाडी

"आजोबा, सरका, गाडी आली!" चिमीनं माझा हात ओढला. गोऱ्हे बुद्रुकला, खडकवासला धरणाच्या पाण्याकाठी आम्ही बसलो होतो. वैशाखातली तिन्हीसांज. वळून पाहिलं तर पायवाट रिकामी, पण घरघर अगदी कानाशी. ट्रकवाल्यानं गिअर बदलला, तोही ऐकू आला. मग आवाज विरला. गाडी काही आली नाही.

"भुताची गाडी का हो?" ती मला बिलगली.

ये, जवळ बस. आधी पाण्यात पाय घाल बघू. गार आहे ना? आणि तोंडावर येणारा वारा? गरम. दिवसभर तापलेली हवा धरणावर आली, की पाण्यालगतचा तिचा थर निवतो, वरचा ऊनच राहतो. सगळी गंमत इथंच आहे.

बैलगाडीचं एक चाक चिखलात गेलं, तर गाडी कुठं वळते? चिखलाकडं. ते चाक मंदावतं, दुसरं पुढं जातं. आवाजाचंही तसंच. हवा एका अंशानं गार झाली, की तो सेकंदाला साधारण ०.६ मीटरनं मंदावतो. म्हणून वर निघालेला आवाज गार हवेकडं, पाण्याकडं वाकतो आणि पृष्ठभागावरून घसरत दूरवर जातो. पलीकडं, कुडज्याच्या बाजूला चाललेला ट्रक मग आपल्या पाठीशी येऊन उभा राहतो.

उजेडही असाच वाकतो, बाळा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या माळरानावर माणसांचा पाठलाग करणारे दिवे दिसतात. 'मिन मिन' म्हणतात त्यांना. जॅक पेटिग्रू नावाच्या शास्त्रज्ञांनी तिथं सुमारे दहा किलोमीटरवर, सरळ नजरेला दिसणार नाही अशा ठिकाणी गाडी नेऊन दिवे लावले. गार हवेच्या थरातून वाकून आलेला तो उजेड इकडच्या माणसांना क्षितिजावर तरंगताना दिसला. २००३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

अशा गाड्या पाहणाऱ्यांना, ऐकणाऱ्यांना मी खोटं म्हणणार नाही. त्यांची गाडी खरीच असते. फक्त ती असते भलतीकडं.

"मग ती आता कुठं आहे?"

पलीकडच्या काठावर दोन दिवे सरकत होते, घरघरही पुन्हा ऐकू येऊ लागली होती. म्हटलं, आवाजाला एक किलोमीटर यायला जवळजवळ तीन सेकंद लागतात. दिवे झाडीआड गेले, की मोज.

दिवे गेले. चिमी बोटं दुमडू लागली. एक, दोन, तीन, चार... घरघर अजून चालूच होती.