पहाटे गाडी खडखडते. ऑइल कोणतं टाकाल?

डिसेंबर-जानेवारीत काळेवाडीच्या गल्ल्यांमध्ये फजरच्या सुमारास एक आवाज हमखास ऐकू येतो. कुणी नमाज आटोपून पहिल्या पाळीसाठी पिंपरी-चाकणकडे निघालेलं असतं, कुणाला पॅसेंजर घ्यायला स्टेशन गाठायचं असतं. किल्ली फिरवली की टकटक किंवा साखळी हलल्यासारखी खडखड होते आणि थोड्या वेळात गाडी शांत होते. यातल्या बऱ्याच गाड्या सेकंडहँड, वर्षानुवर्षांच्या बचतीतून घेतलेल्या. इंजिन उघडायची वेळ आली तर मुलांच्या फीचे पैसे त्यात जातात. म्हणून हा आवाज समजून घेणं ही घरखर्चाचीच बाब आहे.

गाडी रात्रभर उभी राहिली की ऑइल वरच्या भागांतून निथळून खालच्या टाकीत, म्हणजे सम्पमध्ये, जमा होतं. सकाळी पंप ते पुन्हा वर पोहोचवेपर्यंत टॅपेट आणि टायमिंग चेन जवळजवळ कोरड्या चालतात. अनेक इंजिनांत चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्याच दाबावर चालतो. दाब येईपर्यंत चेन सैल राहते आणि खडखडते. एक-दोन सेकंदांत थांबणारी बारीक टकटक सहसा चिंतेची नसते. डिझेल इंजिन तर थंड असताना थोडं कर्कश वाजतंच. पण आवाज दिवसेंदिवस लांबत असेल, इंजिन तापल्यावरही राहत असेल, खालून 'ठक-ठक' असा जड ठोका येत असेल किंवा ऑइलचा लाल दिवा विझत नसेल, तर गाडी बंद करून मेकॅनिकला बोलवावं. तिथे ऑइल बदलून भागत नाही.

डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत लवकर वाहतं. ५डब्ल्यू ऑइलची थंडीतली कसोटी उणे ३० अंशांवर घेतात, २०डब्ल्यूची उणे १५ अंशांवर. दुसरा आकडा तापलेल्या इंजिनातला, १०० अंशांवरचा जाडपणा सांगतो. आपल्याकडे पारा शून्याखाली जात नाही, त्यामुळे २०डब्ल्यू गोठणार नाही हे खरं. तरी १० अंशांच्या पहाटे ५डब्ल्यू-३० त्याच्यापेक्षा बरंच पातळ असतं आणि वर लवकर पोहोचतं.

पुष्कळ ठिकाणी सल्ला मिळतो, "भाई, जाड ऑइल टाका, आवाज बंद होईल." तापलेल्या, झिजलेल्या इंजिनाचा आवाज जाड ऑइलने काही दिवस दबतो. पण थंड इंजिनात तेच ऑइल उशिरा पोहोचतं, म्हणजे पहाटेची झीज वाढते. म्हणून खरेदीआधी एवढं पाहा:

१. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला ग्रेड. पुस्तिका दोन-तीन ग्रेड चालतील म्हणत असेल, तर पहाटेच्या आवाजासाठी त्यातला लहान 'डब्ल्यू' निवडा. पुस्तिकेबाहेर जाऊ नका.

२. दर्जाची खूण. पेट्रोल गाडीसाठी डब्यावर एपीआय एसएन किंवा एसपी अशी अक्षरं असतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. त्यानंतरच्या, धुराचा फिल्टर असलेल्या डिझेल गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं. एसीईए सी३ ही त्याची एक खूण.

३. मोटरसायकलचं उरलेलं ऑइल कारमध्ये नको. त्याचा दर्जा बाइकच्या ओल्या क्लचचा विचार करून ठरवलेला असतो.

४. ऑइल फिल्टर. चांगल्या फिल्टरमध्ये ऑइल मागे निथळू न देणारी रबरी झडप असते. स्वस्त फिल्टरमध्ये ती लवकर कडक होते. कित्येकदा पहाटेच्या आवाजाचं कारण एवढंच असतं.

५. पातळी. सपाट जागी, थंड इंजिनात डिपस्टिक पुसून पाहा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. जास्त भरलं तर फेस होतो आणि दाब पडतो.

६. सीलबंद डबा आणि पक्कं बिल. रिकामा डबा भंगारात देताना भोक पाडून द्या, म्हणजे त्यात बनावट ऑइल भरलं जाणार नाही.

महागडं ऑइल म्हणजे चांगलंच असंही नाही. पुस्तिकेने न मागितलेल्या गोष्टीवर पैसे घालणं हा इस्राफच. उलट हजार रुपये वाचवायला ऑइल दोन वर्षं न बदलणं ही काटकसर नव्हे. ठरलेले किलोमीटर किंवा ठरलेली मुदत, जे आधी येईल तेव्हा बदला. काढलेलं काळं ऑइल गटारात ओतू नका. काळेवाडीचं सांडपाणी पवनेच्या काठावरचं आहे, आणि २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. ते डब्यात भरून, अधिकृत संकलकाला देणाऱ्या गॅरेजकडेच द्या.

शेवटचा मुद्दा गाडी विकतानाचा. खडखडणाऱ्या इंजिनात जाड ऑइल भरायचं, ग्राहक येण्याआधी इंजिन तापवून ठेवायचं आणि "एकदम सायलेंट" म्हणून दाखवायचं, ही चाल बाजारात चालते. सहीह मुस्लिममधल्या हदीसमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तर आत ओलं लागलं. पावसाने भिजल्याचं विक्रेत्याने सांगितलं. तेव्हा ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असं त्यांनी विचारलं आणि फसवणाऱ्याशी आपलं नातं नसल्याचं बजावलं. इंजिनाचा आवाज हा तसाच ओला दाणा आहे. फिकहमध्ये लपवलेला ऐब निघाला तर खरेदीदाराला माल परत करण्याचा हक्क आहे.

घेणाऱ्यांनी गाडी पाहायला पहाटे जावं, बोनेटला हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री करावी, मगच किल्ली फिरवायला सांगावी. विकणाऱ्यांनी आवाज आहे तसा ऐकवावा आणि किंमत त्याप्रमाणे ठरवावी. दहा-पंधरा हजार कमी आले तरी ती कमाई घरात निर्धास्तपणे खर्चता येते. बरकत याहून वेगळी काय असते?